बायोडेटा असा लिहायचा असतो!

बायोडेटा कसा लिहावा हे या जगात फक्त दोन माणसांना कळतं. त्यातला एक मी. दुसरा अजून सापडायचा आहे!

उगाच नाही सांगत. आमच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसलोय. आलेला प्रत्येक अर्ज आधी माझ्याकडे येतो, मी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक टाकतो आणि मगच तो साहेबांपर्यंत पोचतो. त्यात नोकरीचे अर्ज ढिगाने! आणि काय एकेक नमुने सांगू! कुणाच्या फोटोत शेजारच्या माणसाचा अर्धा कान असतो. कुणी छंदाच्या रकान्यात 'झोप' लिहितो. कुणी पहिलीपासूनचे मार्क देतो आणि फोन नंबर द्यायला विसरतो. असल्यांच्या अर्जावर मी शिक्कासुद्धा वाकडा मारतो. कळू दे लायकी!

तर परवा-परवाची गोष्ट. बायको म्हणाली, "अहो, त्या मोठ्या रुग्णालयात नंबर देण्याच्या खिडकीवर माणूस हवाय. मी अर्ज करतेय."

लग्नाआधी आणि नंतरही थोडे दिवस ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पुढे मुलगी झाली आणि ते सुटलं. आता मुलगी कॉलेजात गेलीय.

"दाखव अर्ज," मी म्हणालो.

तिने वहीचा अर्धा कागद पुढे केला. नाव, पत्ता, आणि खाली दोन ओळी: 'दातांच्या दवाखान्यात सहा वर्षं काम. दुखणारी, चिडलेली माणसं सांभाळता येतात.'

मी कपाळाला हात लावला. "अगं, हा बायोडेटा आहे की दूधवाल्याला ठेवलेली चिठ्ठी?"

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही, तोच तर घोटाळा आहे! आण इकडे. मी लिहितो."

रविवारभर बसून मी पाच पानं लिहिली. पाच! 'वेदनाग्रस्त जनसमुदायाचे कालबद्ध नियोजन व भावनिक समन्वय' हे नुसतं दवाखान्याचं. शिवाय 'कौटुंबिक अन्नपुरवठा विभागाच्या सर्वेसर्वा', 'अठरा वर्षांचा मनुष्यबळ विकास प्रकल्प (एक कन्या)'. वाचून मलाच भरून आलं. बायकोने पाचही पानं उलटसुलट करून पाहिली.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

हिच्याशी काय बोलायचं!

मग मी तिची तयारी करून घेतली. मी स्टुलावर, ती खुर्चीत. आवाज जाड करून मी विचारलं, "आपला सर्वांत मोठा दुर्गुण कोणता?"

"नवऱ्याचं ऐकते."

"असं सांगायचं नसतं! म्हणायचं, मी कामात स्वतःला फार झोकून देते."

"हा काय दुर्गुण आहे?"

"नाहीच! म्हणून तर सांगायचा!"

मुलगी आतल्या खोलीतून खो-खो हसत होती. नव्या पिढीला शिस्त कशाशी खातात ते ठाऊक नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कार्यालयातल्या प्रिंटरवर ती पाच पानं काढली. सोबत माझा स्वतःचाही जुना बायोडेटा काढला, मांडणी ताडून पाहायला. बायकोची पानं लखोट्यात घातली. माझी मात्र प्रिंटरच्या तोंडातच राहिली. आणि ती सापडली कुणाला? दुर्बिणीला!

दुर्बीण म्हणजे माझ्या बाजूच्या टेबलावरचा कारकून. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. स्वतःच्या टेबलावरची फाइल त्याला दिसत नाही, पण तीन टेबलं पलीकडे कुणाच्या डब्यात काय आहे ते बरोब्बर दिसतं. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवसापासून सगळं कार्यालय माझ्याशी गोड बोलायला लागलं!

टायपिस्ट बाईंनी आपणहून चहा दिला. हिशेबनीस, जो गेली सहा वर्षं माझ्याकडे बघून नाक मुरडतो, तो म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो!" दुर्बीण तर माझी खुर्ची हळूच हलवून बघत होता.

"काय पाहताय?" मी विचारलं.

"मजबूत आहे," तो म्हणाला. "पाठीला बरी पडेल."

"कुणाच्या?"

"नाही, आपलं सहज!"

मी मनात ताडलं. बढती! एकोणीस वर्षांनी का होईना, या मठ्ठांच्या डोक्यात उजेड पडला! मी मान जरा तिरकी ठेवून चालू लागलो. अधिकाऱ्यांची असते तशी.

गुरुवारी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बसा," साहेब म्हणाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! "माझ्या कानावर आलंय. मनापासून ठरवलंय ना?"

"मनाची तयारी कधीचीच झालीय साहेब!"

"घरी विचारलंत?"

"बायकोला तर आनंदच होईल."

"वाईट वाटतं हो. इतकी वर्षं तुम्ही त्या टेबलावर..."

"साहेब, माणसाने पुढे जायलाच हवं!"

"वा! हा मोठेपणा झाला." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "तुम्हाला त्रास नको म्हणून मजकूर मीच टाइप करून घेतलाय. वाचा आणि सही करा."

"तुम्ही दिलाय म्हटल्यावर वाचायचं काय साहेब!"

आणि मी सही केली. चांगली लफ्फेदार, खाली दोन टिंबांसकट.

अकरा वाजता तो कागद वरच्या कार्यालयाकडे जाण्यासाठी माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर जावक क्रमांक टाकला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि पाठवून दिलं. आपल्याकडचं पत्र वाचत बसायचं नाही, हा माझा नियम!

तीन वाजता सगळे माझ्याभोवती गोळा झाले. टायपिस्ट बाईंनी फुलांचा गुच्छ माझ्या हातात दिला. मी भाषणाला उभा राहिलो. "मित्रहो, नव्या जागेवर गेल्यावरही मी तुम्हाला हाताखालची माणसं समजणार नाही..."

"नवी जागा कुठेशी आहे?" हिशेबनिसाने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुर्बिणीने चष्मा पुसला. "पण तुम्ही तर राजीनामा दिलात! प्रिंटरवर तुमचा बायोडेटा मीच पाहिला ना!"

माझ्या हातातला गुच्छ गळून पडला. मी धावत केबिनमध्ये शिरलो. "साहेब, गैरसमज! तो बायोडेटा माझा होता, पण माझ्यासाठी नव्हता!"

"सही तुमची ना?"

"हो, पण..."

"पत्र गेलंसुद्धा. जावक क्रमांक कुणी टाकला?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, टपाल वेळेवर गेलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको हसलीही नाही, रागावलीही नाही. तिने पाण्याचा पेला हातात दिला आणि शेजारी बसून राहिली. दुखणाऱ्या माणसांशी कसं वागायचं ते तिला खरंच येतं.

पुढच्याच आठवड्यात तिची मुलाखत झाली. "दुर्गुण विचारला?" मी विचारलं.

"काहीच विचारलं नाही. खिडकीवर बसवलं अर्धा तास. समोर पन्नास माणसं, सगळी ओरडत होती."

"मग?"

"मग हळूहळू थांबली ओरडायची. सोमवारपासून या म्हणाले."

"आणि माझी पाच पानं?"

"ती मी दिलीच नाहीत हो. माझी चिठ्ठीच दिली."

आता घरात नोकरी करणारी ती, आणि तिची खिडकी सुटण्याची वाट पाहत बसणारा मी! अशात आमच्या कार्यालयाची जाहिरात निघाली. पद: आवक-जावक कारकून. माझंच! साहेबांनी निरोप पाठवला, "रीतसर अर्ज करा. मुलाखत द्यावी लागेल."

मी लगेच सात पानं लिहिली. 'दस्तऐवजांच्या द्विदिश प्रवाहाचे मुद्रांकित नियंत्रण'! बायको म्हणाली, "एवढंच लिहा ना: एकोणीस वर्षं, एकही पत्र हरवलं नाही."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. तशा अवस्थेतही म्हणालो!

मुलाखतीला समोर साहेब, वरच्या कार्यालयातून आलेल्या एक करड्या आवाजाच्या बाई, आणि टिपणं घ्यायला दुर्बीण! बाईंनी माझी सात पानं बाजूला ठेवली.

"तुम्ही तिथे नेमकं काय करत होता?"

"द्विदिश प्रवाहाचे..."

"म्हणजे काय?"

मी घाम पुसला. "शिक्का मारत होतो."

"आणि?"

"क्रमांक टाकत होतो."

"आणखी?"

एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. त्याला दहा सेकंदही लागले नाहीत. मी कसाबसा म्हणालो, "बाई, एकही पत्र हरवलं नाही."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. दुर्बिणीनेसुद्धा काहीतरी लिहून घेतलं.

दोन दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. सहा महिने उमेदवारी, देखरेख दुर्बिणीची. असू दे! निवड तर झाली! मी छाती काढून केबिनमध्ये गेलो.

"साहेब, एक विचारू? एवढ्या उमेदवारांतून माझीच निवड झाली, ती नेमकी कोणत्या गुणामुळे?"

साहेबांनी फाइलमधून डोकं वर काढलं. "सात जण आले होते. काम नेमकं काय आहे ते कळल्यावर सहा जण उठून गेले."

"आणि मी?"

"तुम्ही बसून राहिलात."