बोंबील ‘हुं’ म्हणाला

बोंबीलला कुडाळला बरोबर न्यायचं हे ज्या संध्याकाळी ठरलं, त्या संध्याकाळी चंद्रहास चुरी घरातच होते. चांगले जागे होते. तरी त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

बोंबील हा चुऱ्यांचा कुत्रा. कळंबच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालतात तिथे तो चुऱ्यांच्या बायकोला, वसुंधराबाईंना, सापडला, तेव्हा त्याची एकेक बरगडी मोजून घ्यावी अशी होती, म्हणून हे नाव. पुढे माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये बसून खाऊन त्याचा बैठकीतला लोड झाला, पण नाव तेच राहिलं. (चुऱ्यांचंही ऑफिसात पोरसवदा असताना ‘पैलवान’ पडलेलं नाव अजून तसंच होतं. त्यांचं वजन मात्र तेव्हाही पन्नास होतं आणि आताही पन्नासच.)

कुडाळला सासूबाईंची पंचाहत्तरी होती. बोंबीलला खालच्या मजल्यावरच्या ॲनीआंटींकडे ठेवू, असा साधा, माणसाला सुचेल असा उपाय चुऱ्यांनी सुचवला. पण ॲनीआंटींनी हातच जोडले. चर्चची घंटा वाजली की हा सूर लावतो, आणि तो लांबवतो म्हणजे किती, फादरसुद्धा खिडकीत येऊन बघतात, म्हणाल्या.

“मग बरोबर नेऊ,” वसुंधराबाई म्हणाल्या. “गाडी आपलीच आहे.”

गाडी म्हणजे सेकंडहँड फियाट. ती घेतल्यावर नवराबायको दोघंही एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते. बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. चुऱ्यांनी आरटीओच्या साहेबांना गाडीत बसवून गाडी मागे न्यायची तिथे पुढे नेली. त्यात पुढे उभा असलेला उसाच्या रसाचा गाडा आला. असो. पुढच्या खेपेला तेही पास झाले. पण तेव्हापासून घरात लायसनचा विषय निघाला की चुरी पेपर उघडत.

पहाटे निघाले. घोडबंदर, ठाणे, पनवेल करत नागोठण्यापर्यंत चुऱ्यांनीच गाडी हाकली. बोंबील मागच्या सीटवरून त्यांच्या मानेवर श्वास सोडत होता. त्यांनी तिसरा गिअर टाकला की हा भुंके.

“त्याला वेग सोसत नाही,” वसुंधराबाई म्हणाल्या. “जरा हळू घ्या.”

“मग हळू किती घेऊ? बैलगाडीवाला आपल्याला ओव्हरटेक करतोय!”

“करू दे. त्याला घाई असेल.”

नागोठण्याला चुऱ्यांची कंबर धरली आणि चाक बाईंच्या हाती गेलं. बाईंनी तिसरा टाकला, चौथा टाकला. बोंबील गप्प. एवढंच नव्हे, तर पाय पसरून झोपला. चुऱ्यांना हे फार लागलं. (एखाद्या मुक्या जनावराने असा उघड पक्षपात करावा?) ते मागे जाऊन त्याच्याशेजारी अंगाची वळकटी करून पडले. मे महिना. शर्ट-पँट काढून हुकाला लावली, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट आणि बनियन ठेवलं, उन्हाची तिरीप नको म्हणून बायकोची शाल डोक्यावरून घेतली आणि रुसल्या रुसल्या झोपी गेले.

जाग आली तेव्हा गाडी लोणेऱ्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीसमोर उभी होती. बाई टपरीत पाणी मागत होत्या. चुरी उतरले. चपला सीटखाली कुठेतरी गेल्या होत्या. दोन पावलांसाठी कशाला हव्यात, म्हणून अनवाणीच टपरीमागच्या झाडीत गेले. माणसाला जावंच लागतं.

झाडीत असतानाच त्यांना फियाट सुरू झाल्याचा आवाज आला. ‘रेडिएटरचं पाणी बघत असेल,’ ते मनाशी म्हणाले. मग पहिला गिअर पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. चुरी जमेल तितक्या घाईने सगळं आवरून रस्त्यावर आले, तर फियाटची पाठ महाडच्या दिशेने लहान लहान होत चालली होती.

“अगं! अगं ए! वसू!”

ते धावले. मे महिन्याच्या डांबरावर अनवाणी माणूस जसा धावतो तसे, म्हणजे पुढे कमी आणि वर जास्त. शेवटी सावलीत येऊन एका पायावर उभे राहिले.

टपरीवरच्या बाईंनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी न विचारता चहा पुढे केला.

“भांडण झालं का, दादा?”

“भांडण कसलं! मी गाडीत झोपलोय असं वाटलंय तिला.”

“हां,” बाई मायेने म्हणाल्या. “आमच्या दिराचंबी असंच झालं. चार वर्षं झाली. तो अजून असंच सांगतो.”

बाकावर एक ट्रक ड्रायव्हर भजी खात होता. त्याने चुऱ्यांना डोक्यापासून पायांपर्यंत निरखलं, बनियनपाशी थोडा थांबला आणि म्हणाला, “कपडे पण घेऊन गेली?”

“घेऊन नाही गेली! गाडीत राहिले!”

“तेच ते.”

चुऱ्यांचा संताप कानशिलांत चढला. विमा कंपनीतला हेडक्लार्क आणि वटारच्या चुऱ्यांच्या वाडीचा वारस, तो हायवेवर चड्डी-बनियनवर उभा राहून आपल्या संसाराचा खुलासा देतोय! आणि कोणामुळे? एका कुत्र्यामुळे. कारण आता सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते उतरल्यावर त्या लबाडाने ऊबदार जागा पाहून शालीखाली मुसंडी मारली असणार. बाईंनी उंचवटा पाहिला असणार, घोरणं ऐकलं असणार, आणि ‘झोपू दे बिचाऱ्यांना’ म्हणून दार हलकेच लावलं असणार. घोरणं ऐकून! लग्नाच्या बायकोला कुत्र्याच्या आणि नवऱ्याच्या घोरण्यातला फरक कळू नये?

टपरीला लागूनच एसटीडी बूथ होता. तेव्हा मोबाइल मोठ्या लोकांकडे असत, आणि ते लोक फियाटने फिरत नसत. टपरीवरच्या बाईंनी बूथवाल्याला “करू दे रे त्यांना, दुःखात आहेत” असं सांगितल्यावर चुऱ्यांनी कुडाळला फोन लावला. मेहुण्याने, जितेंद्रने, उचलला.

“भावोजी! कुठपर्यंत आलात?”

“लोणेऱ्याला आहे. ऐक, वसू पुढे गेलीय.”

“पुढे म्हणजे?”

“गाडी घेऊन. एकटी.”

“एकटी?” जितेंद्र घाबरला. “आणि बोंबील?”

“तो तिच्याबरोबर आहे.”

“मग ठीक आहे हो! मी म्हटलं काय झालं.” आणि त्याने फोन ठेवला.

चुरी परत बाकावर येऊन बसले. एसट्या येत होत्या, जात होत्या, आणि प्रत्येक खिडकीतून कुणीतरी त्यांच्याकडे बघून शेजारच्याला कोपर मारत होतं. उन्हं कलायला लागली. रागाचा पहिला भर ओसरला आणि त्याच्या खालून काळजीने डोकं वर काढलं. पुढे कशेडीचा घाट. फियाट तापते. घाटात बंद पडली तर? बरोबर कोण, तर एक लोड! ते उठून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ट्रक ड्रायव्हर निघताना म्हणाला, “महाडपर्यंत सोडू का, साहेब?” पण चुरी हलेनात. ती परत आली आणि आपण इथे नसलो तर?

अखेर फियाट दिसली. पुढच्या सीटवर, म्हणजे मालकाच्या जागी, बोंबील बसला होता. डोकं बाहेर, कान वाऱ्यावर. गाडी थांबली. वसुंधराबाईंचे डोळे लाल होते. त्या उतरल्या, नवऱ्याला डोळे भरून पाहिलं, काही बोलणार एवढ्यात त्यांची नजर हाफ पँटवर गेली आणि त्यांना जे हसू फुटलं ते गाडीच्या बॉनेटवर हात टेकूनही आवरेना. टपरीवरच्या बाईही हसल्या. बूथवालाही.

“हस! हस!” चुरी कडाडले. “इतका वेळ कळलं नाही तुला?”

“कसं कळणार? मी बोलत होते, तुम्ही ‘हुं’ म्हणत होतात. नेहमीसारखंच.”

“तो ‘हुं’ म्हणत होता!”

“हो, पण मनापासून म्हणत होता हो.”

चुरी मागे बसले. (पुढची जागा बोंबील सोडीना.) महाड गेल्यावर बाईंनी हळूच सांगितलं, “आईला यंदा पावसाळाभर आपल्याकडे आणायचं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“मी विचारलं. तुम्ही ‘हुं’ म्हणालात.”

“मी नाही! बोंबील म्हणाला!”

“घरातलंच कुणीतरी म्हणालं ना? आता आईला नाही कसं म्हणू?”

“आणखी काय काय विचारलंस त्याला?”

“विचारलं असं नाही.” बाईंचा आवाज जरा उतरला. “गेल्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली होती ना, तेव्हाचं बोलत होते. तुम्ही झोपेत असाल असं वाटलं, म्हणून बोलले. समोर कधी बोलवत नाही.”

चुरी सावरून बसले. “काय बोललीस?”

“जाऊ दे. एकदा बोलून झालं.”

“अगं पण मी ऐकलं नाही!”

“बोंबीलने ऐकलं. अगदी शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाही कंबर दुखते म्हणाला नाही.”

चुऱ्यांचा संताप पुन्हा उसळला. सासूचं चालेल, मानेवरचा श्वास चालेल. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको पहिल्यांदा मन मोकळं करते आणि ते कुत्र्याच्या कानात! त्यांनी आरशातून बोंबीलकडे पाहिलं. तो समोर बघत होता. सगळं माहीत असलेल्या माणसासारखा. आणि घाट चढताना, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, चुऱ्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर, बायकोच्या खांद्याला लागेल न लागेल असा हात ठेवला. बाईंनी तो काढला नाही.

कुडाळला पोचले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. जितेंद्रने सगळ्या आळीला बातमी देऊन ठेवली होती. ओटीवर पाहुणे जागत बसले होते. बोंबीलला आधी पाणी मिळालं, मग जावयाला. वसुंधराबाईंनी सगळी कथा साभिनय सांगितली आणि म्हाताऱ्या सासूबाईंचे डोळे हसून हसून पाणावले. पदराने ते पुसत त्यांनी विचारलं, “पण मगे तुका कळला कसा गो, शालीखाली जावयबापू नाय ते?”

ओटीवरचे सगळे पुढे सरकले. चुरीही कान टवकारून बसले. नाही म्हटलं तरी, बायकोने आपल्याला शेवटी ओळखलं होतंच की!

“त्यात काय कळायचं?” वसुंधराबाई म्हणाल्या. “घाटात गाडी बंद पडली. मी म्हटलं, अहो, उठा, जरा धक्का मारायचाय. आणि पहिल्याच हाकेला टुणकन उडी मारून बाहेर! तेव्हाच मी ओळखलं, हे काही आमचे हे नव्हेत.”