मोठ्या दिलाचे काकाजी

इतवारीतल्या आमच्या गल्लीत कुणी नुसतं शिंकलं तरी समोरच्या घरातून काकाजींचा आवाज यायचा, "बैठका मार गा!" सर्दी, बेकारी, बायकोशी भांडण, सगळ्यावर त्यांचं औषध एकच. माझ्या लग्नात तर त्यांनी भर मांडवात माझा दंड चाचपला आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं चांगलं आहे, पण अंगात दम नाही." त्याबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

काकाजी म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. सत्तरी ओलांडली तरी पहाटे लंगोट कसून अंगणात हजर. नागपूरचा मे महिना असो की डिसेंबर, दंड चुकले नाहीत. कुणी म्हणालं, आता पुरे करा, की मांडीवर थाप मारायचे. "काहून पुरे? मशीन बंद ठेवली का जंग चढते!"

पण एका हिवाळ्यात त्यांना चार पावलं चालून धाप लागायला लागली. पाय सुजले. काकू लकव्यानं खाटेवर होत्या, त्यांनीच मला हाक मारली. "बाबू, यायले डॉक्टरले दाखव ना रे."

सायकलरिक्षात घालून मी त्यांना रामदासपेठेत नेलं. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "व्यायामानं शरीर छान राखलंत. पण हृदयाचा स्नायू थकलाय, त्यामुळे हृदय मोठं झालंय. सावकाश फिरा. दंड-बैठका मात्र बंद. वजन उचलणंही बंद."

गल्लीत शिरताच काकाजी रिक्षातूनच ओरडले, "आयकलं का? डॉक्टर म्हणते, माह्यं दिल मोठं झालं! एवढे दंड मारले, मंग दिल बी वाढणारच!" वर घरोघर संत्रा बर्फी वाटली. काकू खाटेवरून हसल्या. "मोठंच आहे यायचं. मी तं पहिल्यापासून सांगून राहिली."

मला घामच फुटला. काकाजींना पानठेल्यामागे ओढलं. "अहो, मोठं होणं चांगलं नव्हे! दुखणं आहे ते!"

"मले बह्याड समजतं का?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "जिंदगी मशीनवर गेली माही. पण बुढीले समजलं तं ती मले उचलू देणार नाही. रोज सकाळी मी तिले उचलून दारात बसवतो. तिथून ती भाजीवालीशी भांडते, येणाऱ्याजाणाऱ्याले टोकते. तेवढंच नागपूर राहिलं गा तिचं."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. एवढा पैलवान माणूस पानठेल्यामागे उभा राहून रडत होता.

"उद्यापासून मी उचलतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. काकाजींची कंबर लचकलीय, असं काकूंना ठोकून दिलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या गळ्यात हात टाकला. काकाजी भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात नकळत पुढे आलेले. मी काकूंच्या कुशीखाली हात घातला मात्र, ते कळवळून ओरडले,

"हळू गा! तिकडून नोको धरू, तिले गुदगुल्या होतात!"