एक डोळा मिटलेली मांजर

"चित्र काढतो त्याचाच हक्क असतो त्यावर. दोन ओळी लिहून घे," असं वकील नणंदेनं बजावलं होतं. पण चित्र काढणारा सख्खा धाकटा दीर! त्याची सही मागायची म्हणजे सासूबाईंना वाटीभर साखरेची पावती मागण्यासारखंच. छोटीच्या आईनं ते हसण्यावारी नेलं.

दिरानं एक डोळा मिटलेली मांजर काढून दिली. ती वहिनीनं विकायला शिवलेल्या लाळेऱ्यांवर अशी काही शोभली, की बाळांच्या कपड्यांच्या मोठ्या दुकानाची बाई माल बघायला यायची ठरली. तीनशे लाळेरी मांजरीसकट शिवून तयार होती.

बाई यायच्या आदल्या दिवशी छोटीला शाळेत सोडताना शेजारून एक गाडी गेली. गाडीवर तीच मांजर. खाली ठळक अक्षरांत: उंदीर, झुरळं, ढेकूण यांचा खात्रीशीर नायनाट.

बाळाच्या हनुवटीखाली उंदरांच्या विषाची खूण! शाळा राहिली बाजूला, छोटीला काखोटीला मारून छोटीची आई थेट गाडीवर लिहिलेल्या पत्त्यावरच्या कचेरीत.

उंदीरवाला भलताच सभ्य निघाला. त्यानं तिला खुर्ची दिली, छोटीला कागद-पेन्सिल दिली आणि खणातून करार काढला. दिराची सही, दोन साक्षीदार, चित्र कायमचं त्यांचं.

"तुमचा कागद?"

तिच्याकडे चिटोरंही नव्हतं.

"मग ताई, आमची मांजर तेवढी उतरवा."

दिराला फोन केला तर तो निवांत. "मांजर उंदरांकडेच जाणार ना, वहिनी. तुमच्याकडे पाहुणी होती."

नणंदेनंही मोठ्या मनानं 'मी सांगितलं होतं' हे फक्त चारदाच म्हटलं.

आता ठेच लागली होती. मांजरींच्या जागी छोटीनं कचेरीत बसून काढलेला ससा लावायचा ठरला. या वेळी छोटीची सही घेतली, वर शाईचा अंगठा. नणंदेला कागद ऐटीत दाखवला.

"अगं, पाच वर्षांच्या पोरीचा करार कुठे टिकतो?"

"आणि मी तसाच ससा त्या उंदीरवाल्या काकांना पण काढून दिला," छोटी म्हणाली. "त्यांनी चॉकलेट दिलं."

बाई उद्या सकाळी दहाला येणार. छोटीची आई मांजरींच्या ढिगात उसवत बसली आहे, तिला उठायची सोय नाही. पलीकडच्या खोलीत छोटी मात्र केव्हाची गप्प आहे. तुम्ही जरा डोकावता का? काय काढतेय, कोणासाठी काढतेय, एवढंच बघा. आणि तोंडात चॉकलेट आहे का, तेही.