काशीबाईंचं घर पडलं

"पृथ्वी स्थिर आहे असं समजणं, हा मानवजातीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे!" खाडीकाठच्या शाळेत देवेश सरांनी सातवीच्या वर्गाला बजावलं. ते ज्या स्टुलावर उभे होते, त्याने लगेच एक पाय मोडून त्यांना दुजोरा दिला.

सर उठले, कपडे झटकले. ट्रेखाली गोट्या घालून त्यांनी भूकंपाचं यंत्र केलं होतं. त्यावर मुलांनी खाजाच्या, म्हणजे जत्रेत मिळणाऱ्या गोड बेसनाच्या, कांड्यांनी गावातलं एकेक घर बांधायचं. गुळाच्या पाकाने कांडीला कांडी चिकटते, हे सरांचं संशोधन. तेजस्वीने शाळेत पोषण आहार रांधणाऱ्या काशीबाईंचं घर बांधलं आणि वर खऱ्या कौलाचे तुकडे रचले.

काशीबाईंचं घर म्हणजे नाजूक विषय. कौलं काढून स्लॅब घालूया, असं त्यांचा मुलगा बाळा म्हणाला होता. "मी आसंय तवसर कौलाक हात लावचो नाय!" असं काशीबाई म्हणाल्या होत्या. रागाने मुंबईला गेलेला बाळा चतुर्थीलाही फिरकला नव्हता.

सरांनी ट्रे हलवला. घर बसलं.

"बघा! वर जड, खाली हलकं, की घर गेलं!" आनंदाच्या भरात सरांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'भूकंपात काशीबाईंचं घर कोसळलं. तेजस्वीचं अभिनंदन.' शाळेत रेंज बेताची. शब्द गेले, फोटो गोल फिरत राहिला.

मग सराव. "भूकंप!" सर ओरडले. मुलं बाकांखाली गेली. काशीबाईही हौसेने टेबलाखाली शिरल्या, पण परत यायला गुडघे तयार होईनात.

"गुरुजी, माका भायर काढा! डाळ करपतली!"

तेजस्वीने जोर लावला. "आजी, पाय हलना नाय गो तुजो!"

"अगो, तो टेबलाचो! माजो हंय आसा!"

सरांनी तेही कळवलं. 'काशीबाई अडकल्या आहेत. मुलं ओढून काढत आहेत.' आणि शेवटी, 'पडलेलं घर मुलांनी वाटून खाल्लं.'

ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'इतकी वर्षां पंचायत खाय होती, आता पोरांनीय सुरुवात केल्यानी!'

काशीबाईंचा फोन आठवडाभर बंदच होता. मुंबईत ग्रुपवरचे निरोप वाचून बाळा तो लावत राहिला आणि त्याच्याच फोनची बॅटरी संपली. फोटो पोचला तेव्हा बाळा रेल्वेत होता.

सकाळी तो धावतच अंगणात आला. घर जागच्या जागी. काशीबाई झाडू मारत होत्या.

"गे आये... घर पडला ना?"

"पडला. पोरांनी खाल्ल्यानी. खाजाचा होता ता."

बाळा पायरीवर मटकन बसला. आपण हसतोय की रडतोय हे दिसू नये, म्हणून त्याने रुमालात तोंड घातलं.

"रातभर काय खाल्लंस?"

"काय नाय."

"मगे हात धू. पेज वाढतंय."

पेज झाल्यावर बाळाने छपराकडे पाहिलं. "आये, एक कौल सरकलाहा. शिडी खंय आसा?"

तो वर चढलेला असतानाच देवेश सर धापा टाकत आले. "काशीबाई, माफ करा. यापुढे असले प्रयोग बंद!"

काशीबाईंनी वर एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बंद कित्याक, गुरुजी? शिमग्याक जरा सुनामी शिकवशात काय?"