दगडोबाची उसण

एका जंगलात, मुलांनो, दगडोबा नावाचा रानडुक्कर राहायचा. त्याला अकरा पिल्लं होती. शेवटच्या खेपेला त्याची बायको सोनूबाई मरता मरता वाचली. "आता आणखी बाळंतपण तिला झेपायचं नाही," असं डॉक्टर सुतारपक्ष्यानं सांगितलं. दगडोबाचा बायकोवर फार जीव. तो गुपचूप गेला आणि स्वतःची नसबंदी करून आला.

सुतारपक्ष्याचा हात हलका होता. चोचीचं तुम्ही विचारू नका. "दोन दिवस पडून राहा. आठवडाभर जमीन उकरू नका," एवढंच त्यानं बजावलं.

दगडोबा घरी आला आणि गार पाण्यात भिजवलेली केळीची पानं मांड्यांत धरून उताणा पडला.

आता अडचण अशी, की मागच्याच उन्हाळ्यात वडाखाली सगळ्या नरांसमोर तो म्हणाला होता, "नसबंदी करेल तो नर कसला?" त्यावर मोठा हशा पिकला होता. त्यामुळे ही गोष्ट फुटली, तर त्याला वडाखाली तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. म्हणून शेजारच्या सांबरानं विचारलं, तेव्हा तो कण्हत म्हणाला, "काही नाही रे. कमरेत उसण भरलीय."

मुलांनो, खोटं जरूर बोलावं. पण ज्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, असा आजार निवडू नये.

उसणीवर पायाळूची लाथ लागते, हे त्या जंगलातलं पिल्लूही जाणत होतं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. जंगलात पायाळू एकच. रावजीतात्या. जातीनं गवा.

संध्याकाळी सांबर, लांडगा, भेकर आणि कोल्हा तात्यांना घेऊन दारात हजर झाले. सोनूबाई पांढरीफटक पडली.

"अहो, सांगून टाका ना खरं," ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "टाका तुटला म्हणजे?"

"तुटू दे. टाका पुन्हा घालता येतो. अब्रूला कुठून घालणार?" असं म्हणून दगडोबा पालथा झाला आणि त्यानं डोळे मिटले.

तात्या एकटेच जाळीत शिरले. त्यांनी खूर उचलला. मग वाकून हळूच म्हणाले, "किती दिवस झाले टाक्याला?"

दगडोबानं खाडकन डोळे उघडले.

"भिऊ नकोस. यंदाची ही पाचवी उसण."

"बाकीचे चार कोण?"

"बाहेर उभे आहेत की."

तात्यांनी जमिनीवर दाणकन खूर आपटला. दगडोबा समजून उमजून ओरडला. बाहेर चौघांनीही आपापल्या कमरा धरल्या.

दुसऱ्या दिवशी चितळाची बायको समाचाराला आली. सहा बाळंतपणांनी तिची हाडं दिसत होती.

"भावजी, पुन्हा दिवस राहिले तर मी काही वाचत नाही. मालकांना म्हटलं, तुम्ही करून घ्या. ते म्हणतात, जंगलात एकानं तरी केलीय का ते दाखव. तुम्ही वडाखाली बसता. आहे का हो कुणी?"

सोनूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. दगडोबाला वहिनींची खरोखरच दया आली. त्याचे डोळेसुद्धा भरले.

"कुणीच नाही, वहिनी," तो म्हणाला.

मग ती तशीच, अशक्त अंगानं, स्वतःचीच करून घ्यायला एकटी सुतारपक्ष्याच्या झाडाकडे निघाली.

तात्पर्य : आमच्या जंगलात नसबंदी केलेला नर औषधालाही सापडायचा नाही. उसणीची साथ मात्र जोरात आहे. तरी सर्व नरांनी वाकताना जपावे.