मूळ दुखणं वेगळंच

"सोसायटीत कुणाला कळलं, तर नावाची श्यामला नाही!" श्यामलाबाईंनी कवळी वाटीत ठेवत जाहीर केलं. पस्तीस वर्षं मुलांना शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचा एकही दात नाही, ही गोष्ट त्या जिवापाड जपत होत्या. पण हाडं ठिसूळ होत गेली, जबडा झिजला आणि कवळीही बसेना.

"कमरेच्या हाडातून मूळपेशी काढून जबड्यात सोडू," डॉ. तेजस्विनी म्हणाल्या. "हाड भरलं तर पक्के दात बसवता येतील. उपचार अजून संशोधनातला आहे, खात्री देत नाही."

"खात्री देत नाहीत, म्हणजे डॉक्टर चांगल्या आहेत," बाईंचे यजमान दिगंबरराव म्हणाले. बाईंनी सही केली.

घरी आल्या त्या तोंडाला मास्क लावून, कमरेत ठणका घेऊन. आठ दिवस बोलायची बंदी! मधे भोक असलेल्या उशीवर जेमतेम टेकल्या, तोच वरच्या मजल्यावरचे सुखदेव हजर! त्यांचा लोणी काळभोरला मळा.

"वहिनींना काय झालं?"

"काही नाही हो, मूळ..." दिगंबररावांनी तोंड उघडलं आणि बायकोने असा चिमटा काढला, की शब्द अर्ध्यातच मेला!

सुखदेवांनी उशीकडे पाहिलं. तिरक्या बसलेल्या बाईंकडे पाहिलं. "समजलं! लाजायचं काय त्यात? आमच्या आबालाबी व्हती मूळव्याध. मळ्यात सुरण हाय, उद्याच आणतो!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं. शेजारच्या कादंबरीने सुरणाचं मऊ भरीत आणलं, राधाताईंनी ताक. आमोदने इसबगोलचा डबा दिला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'श्यामलाकाकूंना तिखट देऊ नये!' बाई आतल्या आत उकळत होत्या. पण खरं सांगायचं, तर चावता न येणाऱ्या माणसाला याहून सुखाचं जेवण नव्हतं. कादंबरीने एकदा मास्कखालून चमच्याने भरवलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. एवढी माया आणि आपण यांच्यापासून लपवतोय!

नवव्या दिवशी बंदी उठली. सगळे चौकशीला जमलेले. बाईंनी मास्क ओढून काढला.

"मला मूळव्याध नाही! मला दात नाहीत! मूळपेशी जबड्यात घातल्यात, आणि तुम्ही आठ दिवस भलत्याच टोकाचं औषध पाठवताय! पण त्यावरच जगले हो मी. तुमचे उपकार कसे फेडू?"

मग सुखदेव हळूच म्हणाले, "दातांचं ठावं व्हतं की, वहिनी. गणपतीत आरती म्हणताना कवळी पडली, तवा तुमी म्हणाला, सुपारी पडली. मग आमीबी सुपारीच म्हणलो!"