कंपनीला गंडवण्याचे आठ दिवस

"माझ्या गोदामातून आजवर कोणी एक खिळा पळवला नाही, आणि आता माझे शब्द पळवणार?" काका फोनवर मुलीवरच गरजले.

एकतीस वर्षं काकांनी कारखान्याचं गोदाम सांभाळलं होतं. महागड्या सुट्या भागांच्या खोक्यांवर ते ठळक अक्षरांत 'रिकामे' असं लिहून ठेवत, आणि हात धुण्याच्या साबणाच्या खोक्यांवर 'महाग माल'. चोर आले, तरी साबणाच्या वड्या घेऊन जात! निवृत्त झाले तरी ही खोड काही गेली नव्हती. आणि आज बातमी होती, की काका फोनवर ज्या कीबोर्डने लिहीत, तो एका बलाढ्य कंपनीने विकत घेतला.

"बाबा, तो तुमचे नेहमीचे शब्द लक्षात ठेवतो, एवढंच. नको असेल तर दुसरा घ्या ना."

"पळ काढू? मी? अगं, असा खोटा माल भरतो आत, की डोकं धरून बसतील!"

काकू पंधरा दिवसांपासून बहिणीकडे होत्या, त्यामुळे अडवायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी तासभर टेबलाशी बसून एका बोटाने थापा लिहू लागले. गोड जीव की प्राण, म्हणून लिहिलं, 'गोड बघवत नाही.' गुडघे कुरकुरत, म्हणून लिहिलं, 'रोज डोंगर चढतो.' आणि काकूंवाचून त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. स्वतः केलेलं करपट अन्न गिळताना डोळ्यांत पाणी येई. म्हणून हे तर रोज दहा दहा वेळा लिहिलं, 'मला कोणाची गरज नाही. माझं उत्तम चाललंय. खुशाल राहा.'

आठव्या दिवशी काकूंचा मेसेज आला. 'ताई अजून महिनाभर राहा म्हणतेय. राहू, की रविवारी येऊ?'

महिना! फोन करायची सोय नव्हती. मेव्हणीबाई फोन स्पीकरवर टाकत आणि अख्खं घर ऐकत बसे. मग काकांनी निर्धार केला. अडतीस वर्षांच्या संसारात जे तोंडातून निघालं नाही, ते आज लिहायचं. 'मला करमत नाही. लगेच ये!'

चष्मा सापडेना. तो कपाळावर होता. पण चष्मा हवा कोणाला? काका कायम पहिला शब्द तेवढा लिहीत, पुढे कीबोर्ड जे तीन शब्द सुचवी त्यांतल्या मधल्यावर बोट मारत जात. मधला कधी चुकला नव्हता. त्यांनी 'मला' लिहिलं, मग टप, टप, टप, आणि पाठवून दिलं!

उत्तर आलं, 'बरं.'

काका हरखले. भांडी घासली, पडदे धुतले, रविवारी कुरकुरत्या गुडघ्यांनिशी बसथांब्यावर उभे राहिले. चार बस येऊन गेल्या. काकू काही उतरल्या नाहीत. शेवटी फोन लावला.

"तुम्हीच लिहिलंत ना, कोणाची गरज नाही, खुशाल राहा म्हणून?"

काकांना दरदरून घाम फुटला. "अगं, ते तुला नव्हतं! कंपनीला गंडवायला रोज लिहीत होतो..."

"मग, गंडली कंपनी?"

"कल्पना नाही."

"मी मात्र गंडले!" मागे अख्खं घर खो खो हसलं. "आता खरं काय ते लिहून पाठवा. अक्षर न् अक्षर स्वतः! मधल्याला बोट लावायचं नाही."

काका जिद्दीला पेटले. बाकावर बसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पन्नास मिनिटं खपून लिहिलं, 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं. लगेच ये.'

उत्तर आलं, 'येते. पण खरं सांगा, हे मला लिहिलंय, की कंपनीला?'